उसाच्या पट्ट्यात मांजराची रात्र

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघालात आणि मंचर मागे पडले, की रस्त्याच्या दोन्ही अंगांना उसाची हिरवी भिंत दिसू लागते. पुढे नारायणगाव, आळेफाटा; डाव्या हाताला आत वळले की जुन्नर, शिवनेरी, ओतूर. तुमच्यापैकी कित्येकांनी अष्टविनायकाच्या यात्रेत हा मुलूख पाहिला असेल. ओझरचा विघ्नहर आणि लेण्याद्रीचा गिरिजात्मज, आठांपैकी दोन गणपती याच तालुक्यात आहेत. पण यात्रेची गाडी दिवसा येते आणि दिवे लागायच्या आत पुढच्या मुक्कामाला निघून जाते. या मुलखाची रात्र यात्रेकरूला दिसत नाही. ती रात्र तुम्हाला दाखवावी, आणि त्या निमित्ताने आपल्या प्रत्येक घरातल्या एका लहानशा प्रश्नाचा विचार करावा, म्हणून हा लेख. प्रश्न असा: घरातले मांजर रात्री आत ठेवावे, की मोकळे सोडावे?

प्रश्न ऐकून हसू येईल. मांजर कुठे कोणी कोंडते? गाय दावणीला, शेळी खुंटीला, कोंबडी डालग्याखाली. मांजर तेवढे आपल्या मर्जीचे. पण वाचकहो, जुन्नर भागातल्या मळ्यांत हा हसण्याचा विषय राहिलेला नाही.

आधी हा मुलूख कसा पालटला ते पाहू. एके काळी इथला शेतकरी बाजरी, मटकी, हुलगे यांवर गुजराण करी. पुढे कुकडी प्रकल्पाची पाच धरणे झाली. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही त्यांची नावे. कालव्यांना पाणी खेळू लागले आणि माळरानावर ऊस, द्राक्षे, टोमॅटो, कांदा उभा राहिला. घरे पक्की झाली. गावठाणातली मंडळी आपापल्या मळ्यात वस्ती करून राहू लागली, कारण पाणी मळ्यात, जनावरे मळ्यात आणि राखणही मळ्यातच. आज या भागात फिरताना तुम्हाला एकेकटी घरे दिसतील. समोर अंगण, बाजूला गोठा, मागे कांद्याची बराखी, आणि तिन्ही अंगांना दोन पुरुष उंचीचा ऊस.

ऊस बारा महिने उभा असतो, आडसाली असेल तर सोळा-अठरा महिने. एवढा काळ त्या फडात माणूस क्वचितच शिरतो. आत सावली, गारवा, जवळ पाटाचे पाणी. बिबट्याला आणखी काय हवे? जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून जुन्नर वनविभाग होतो. या भागात बिबट्याच्या कित्येक माद्या उसातच वितात आणि त्यांची पिल्ले उसातच वाढतात. डोंगरातले जंगल त्यांनी पाहिलेलेही नसते. तो रानातून वाट चुकून आलेला पाहुणा आहे, ही समजूत सोडून द्यायला हवी. तो इथलाच झाला आहे.

आता या बिबट्याचे पोट कशावर भरते? याचे उत्तर शेजारच्या अकोले तालुक्याने दिले आहे. अकोले पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. तिथे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतशिवारात आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावून बिबट्यांची मोजदाद केली. २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. चौरस किलोमीटरला सुमारे तीनशे माणसे राहतात अशा त्या बागायती शिवारात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच मोठे बिबटे निघाले, आणि जवळजवळ तेवढेच तरस. मग त्यांनी बिबट्याची विष्ठा गोळा करून तीत कोणाचे केस आहेत ते तपासले. बिबट्याच्या खाण्याचा वजनाने शेकडा ८७ भाग पाळीव आणि गावातल्या जनावरांचा होता. एकट्या कुत्र्यांचाच वाटा ३९ टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट, पण त्यांचा वाटा अवघा ११ टक्के, कारण शेळी रात्री बंद गोठ्यात असते. आणि त्या यादीत मांजर होते.

शेळीचा हिशेब नीट लक्षात घ्या. संख्येने सातपट असूनही ती कमी मरते. बिबट्याला शेळी आवडत नाही म्हणून नव्हे. शेळीला रात्री दार आहे, कुत्र्याला नाही. मांजरालाही नाही.

ओतूरच्या पुढे एका वस्तीवर मुक्काम पडला तेव्हा या विषयावर घरात दोन तट दिसले. घरच्या आजींचे म्हणणे जुन्या चालीचे. त्या म्हणाल्या, “मांजर काय शोभेला पाळलंय व्हय, दादा? दिवसभर ती झोपती, रातच्याला तिची पाळी. रातचं कोंडली तर बाजरी कोण राखायचं? मी?” नातसून चुलीपाशी भाकरी थापत होती. ती हळूच म्हणाली, “आजी, मागच्या दोन मांजरी गेल्या त्या रात्रीच गेल्या की.” आजी म्हणाल्या, “गेल्या तर गेल्या. मांजर नऊ घरं फिरती. कुठं तरी नांदत असंल.”

आजींचे बोलणे वावगे नाही. त्यात तथ्य आहे आणि ते आधी मान्य केले पाहिजे. मांजर मुळात सांजेचे आणि पहाटेचे शिकारी जनावर. अंधुक उजेडात त्याला आपल्यापेक्षा कितीतरी चांगले दिसते. घरातली उंदरी जेमतेम तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्ले देते आणि वर्षातून कितीतरी वेळा देते. कणगीला भोक पडले, शेंगांच्या पोत्याचा कोपरा कुरतडला गेला, बियाण्याच्या पिशवीत लेंड्या निघाल्या, म्हणजे काय नुकसान होते ते तुम्हाला सांगायला नको. शिवाय उंदरामागे साप घरात येतो. म्हणून ज्या घरात धान्य आहे त्या घरात मांजर हवेच, याविषयी वाद नाही.

वाद आहे तो एवढाच, की रात्री त्याने राखण कुठे करावी. कणगी कुठे असते? घरात. शेंगांची पोती? घरात, नाही तर घराला लागून असलेल्या खोलीत. मग रात्री बाहेर हिंडणारे मांजर कोणाची बाजरी राखते? ते उसाच्या बांधावर उंदराच्या बिळापाशी बसलेले असते. शेतातल्या उंदरांना गव्हाणी घुबड आहे, धामण आहे. ती दोघे विनावेतन हे काम करतात आणि मांजरापेक्षा चांगले करतात. आणि घूस म्हणाल तर मोठ्या घुशीच्या वाटेला बहुतेक मांजरे जातच नाहीत. तेव्हा मांजर कोंडले म्हणजे उंदरांना मोकळे रान, हे खरे नाही. धान्याच्या खोलीत कोंडले, तर उंदरांनाच कोंडल्यासारखे होते.

बांधावर बसलेल्या मांजराचे काय होते ते आता ऐका. बिबट्या दबकत येतो. मांजर चपळ असते, झाडावर चढते. कुत्रा मागे लागला तर ती युक्ती उत्तम. पण बिबट्याही झाडावर चढतो, आणि मांजरापेक्षा वाईट चढत नाही. शेवटी मांजर वाघाची मावशी म्हणवते. भाच्याला सारे डाव ठाऊक असतात. धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा तुम्ही पाहिला असेल. मानेचा घोट घेऊ नये म्हणून तो घालतात. मांजराच्या मानेला असला पट्टा पेलायचा नाही. त्याला वाचवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे दाराची कडी.

२०२१ च्या सप्टेंबरात नाशिक भागात एक बिबट्या मांजराचा पाठलाग करता करता विहिरीत पडला. मांजरही पडले. दोघे एकाच विहिरीत, पाण्याबाहेरच्या थोड्याशा जागेत समोरासमोर. त्याचे चित्रण पुष्कळांनी मोबाइलवर पाहिले आणि करमणूक म्हणून एकमेकांना धाडले. बिबट्याला वनखात्याने बाहेर काढून रानात सोडले. हसण्याजोगे दृश्य होते खरे. पण शेतकऱ्याने त्यात दुसरेही काही पाहावे. विहीर बहुधा वस्तीपासून हाकेच्या अंतरावर असते. मांजराच्या मागे बिबट्या कुठवर येतो ते त्या विहिरीने दाखवले.

आणि इथे विषय मांजराचा राहत नाही. मांजर रात्री कुठे बसते? चुलीच्या उबेला, पडवीत, ओट्यावर, उन्हाळ्यात अंगणात टाकलेल्या बाजेच्या पायथ्याशी. म्हणजे जिथे आपली मुले झोपतात तिथेच. मांजर नेल्याचा कोणी गवगवा करत नाही, कोणी पंचनाम्याला बोलावत नाही. शेळी गेली तर सारी वस्ती जागी होते. मांजर गेले तर “कुठे तरी नांदत असेल” म्हणून सोडून देतात. पण बिबट्याने त्या रात्री एक गोष्ट शिकून ठेवलेली असते, की या पडवीत खाणे मिळते आणि कोणी आडवे येत नाही. तो पुन्हा येतो.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांच्या आत तीन माणसांचे जीव बिबट्याच्या हल्ल्यात गेले. त्यांत दोन लेकरे होती आणि एक वृद्ध माता. लोक रस्त्यावर उतरले, महामार्ग अडला, शेवटी एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. हे मांजरामुळे घडले असे मी म्हणत नाही. असे म्हणणे खोटेही होईल आणि त्या घरांच्या दुःखाची चेष्टाही. पण ज्या मुलखात ही भीती रोज दाराशी उभी आहे, तिथे घराभोवती बिबट्याचे खाणे मोकळे असू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

कोणी म्हणेल, बिबटेच उचलून न्या की. नेऊन पाहिले आहेत. २००१ ते २००३ च्या सुमारास जुन्नर भागात पिंजरे लावून कितीतरी बिबटे धरले आणि दूरच्या रानात नेऊन सोडले. पुढे अभ्यासकांनी आकडे मांडले तेव्हा दिसले, की त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते या धरपकडीनंतर १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बावचळते. इकडे रिकाम्या झालेल्या उसात दुसरा बिबट्या येऊन राहतो, कारण ऊस तोच, कुत्री तीच, मांजरे तीच. काही बिबट्यांना परत सोडता येत नाही. ते जुन्नरजवळ माणिकडोहच्या निवारा केंद्रात पिंजऱ्यांत दिवस काढत आहेत. माणसावर हल्ले करणारे जनावर धरलेच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण नुसत्या पिंजऱ्यावर विसंबून आपल्या अंगणाकडे डोळेझाक करणे परवडणारे नाही.

आता प्रत्यक्ष कसे करायचे? ज्या वस्त्यांवर हे जमले आहे तिथली रीत सांगतो.

मांजराला दिवसभर खायला घालू नका. जे द्यायचे ते दिवेलागणीला, आणि आत. भाकरी कुस्करून ताकात कालवलेली, सुकटीचा चुरा, काही असो. पण वेळ आणि जागा ठरलेली हवी. आठ-पंधरा दिवसांत मांजर घड्याळासारखे दाराशी येते. ते आत आले की कडी. पहिल्या चार-दोन रात्री ते ओरडेल, दार ओरबाडेल. घरातली म्हातारी मंडळी म्हणतील, सोडा बाई त्याला. एकदा सोडलेत की ओरडले म्हणजे दार उघडते हे त्याला कळले, मग महिनाभर झोप नाही. (दुधाविषयी जाता जाता सांगतो: मोठ्या मांजराला नुसते दूध पुष्कळदा पचत नाही, हगवण लागते. वासराच्या वाटणीचे दूध वासरालाच राहू द्या.)

झोपायच्या खोलीपेक्षा धान्याची खोली बरी. एका घमेल्यात कोरडी माती किंवा वाळू कोपऱ्यात ठेवा, नाही तर मांजर पोत्यांवर घाण करील आणि दोष मात्र या लेखाला मिळेल. ते घमेले रोज बाहेर नेऊन पुरावे. घरात गरोदर लेक-सून असेल तर हे काम तिला मुळीच देऊ नका. मांजराच्या विष्ठेतून एक रोग पसरतो, टोक्सोप्लाझ्मोसिस म्हणतात त्याला. तो पोटातल्या बाळाला अपाय करू शकतो. हे काम घरातल्या पुरुषांनी करावे. त्यात कमीपणा नाही.

खिडकीला गज असले तरी मांजर त्यांतून सहज निसटते. तेव्हा आतून जाळी ठोका. जुन्या दारांना खाली मांजरासाठी मुद्दाम ठेवलेले भोक असते. दिवसा ते राहू द्या, रात्री त्यावर फळी सरकवा.

धान्याच्या खोलीत मांजर कोंडणार असाल तर तिथे उंदरांचे विषारी औषध ठेवू नका. ब्रोमाडिओलोनसारख्या औषधाने उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्त होऊन फिरतो. असला उंदीर मांजराच्या तावडीत आयता सापडतो, आणि तो खाऊन मांजरही आतल्या रक्तस्रावाने दगावू शकते. झिंक फॉस्फाईड तर त्याहून जहाल. औषध हवे की मांजर, एका खोलीत एकच. बराखीची गोष्ट निराळी. तिच्या भिंतींना वाऱ्यासाठी फटी ठेवलेल्या असतात, तिथे मांजर बंद करता येत नाही. बराखीत लोखंडी सापळे लावा.

बोक्याचे काय? खरी अडचण त्याचीच. माजावर आलेला बोका कडी-कोयंडा मानत नाही. संधी साधून निसटतो आणि तीन दिवसांनी कान फाटून परततो, किंवा परततच नाही. त्याची नसबंदी केली तर भटकणे पुष्कळ कमी होते. मांजरीचीही करता येते. जनावरांच्या डॉक्टरांकडे चौकशी करा, आणि त्याच खेपेला पिसाळण्याविरुद्धची लसही टोचून घ्या. पिसाळणे कुत्र्यालाच होते असे नाही, मांजरालाही होते.

कुत्र्याला विसरू नका. वर सांगितलेले ३९ टक्के आठवा. राखणीचा कुत्रा रात्री साखळीने अंगणात बांधणे म्हणजे बिबट्यासाठी ताट वाढून ठेवणे. त्याला पळताही येत नाही. त्याला गोठ्यात, जाळीच्या आत ठेवा; भुंकायचे काम तो तिथूनही करतो. कोंबड्यांची पिसे-आतडी, शिळे अन्न घरामागे टाकू नका, कारण त्याला भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे तो येतो. पहाटे दार उघडण्याआधी मोठ्याने खाकरा, विजेरी अंगणात फिरवा, मग पाऊल बाहेर टाका. मांजर पायांतून धावत सुटेल, त्याला थांबवा. आधी तुम्ही बघा.

हे सारे बिबट्याच्या मुलखासाठी. तुमच्या तालुक्यात बिबट्या नसेल तर मोकळ्या मांजराला धोके वेगळे: भरधाव गाड्या, भटकी कुत्री, कठडा नसलेली विहीर. तिथे मी एवढा आग्रह धरणार नाही. पण नाशिक, अहिल्यानगर, पुणे या जिल्ह्यांतल्या ऊसपट्ट्यात राहत असाल तर “आमच्याकडे अजून नाही आला” या भरवशावर राहू नका. अकोल्यात कॅमेऱ्यांनी बिबटे दाखवले, त्या काळात तिथे माणसांवर हल्ल्याची नोंद नव्हती. ते शेजारी राहत होते आणि पुष्कळांना त्याचा पत्ताही नव्हता.

अकोले-जुन्नरच्या डोंगराकडच्या अंगाला महादेव कोळी आणि ठाकर मंडळींची गावे आहेत. तुम्ही दिवाळीच्या तोंडावर, आश्विन वद्य द्वादशीला, तिकडे गेलात तर एक निराळी गोष्ट पाहाल. आपण त्या दिवशी गाय-वासराची पूजा करून वसुबारस म्हणतो, ते वाघबारस करतात. रानात वाघोबाचे ठाणे असते, दगडावर वाघाची आकृती कोरून शेंदूर लावलेला. गुराखी तिथे नैवेद्य दाखवतात आणि गुराढोरांना सांभाळ म्हणून वाघोबाला विनवतात. शिकल्यासवरल्या माणसाला यात भोळेपणा दिसेल. मला मात्र त्यात एक शहाणपण दिसते. वाघ शेजारीच आहे हे ती माणसे नाकारत नाहीत. आणि नैवेद्य दाखवून झाला तरी संध्याकाळी गुरे आत घेऊन दार लावायला विसरत नाहीत.

शेवटी ऊसतोडीविषयी, कारण त्या दिवसांत मांजराचा आणि बिबट्याचा घोटाळा वेगळ्याच तऱ्हेने होतो. दिवाळीनंतर कारखाने पेटतात, फड एकामागून एक मोकळे होऊ लागतात. लपायची जागा कमी होते तशी बिबट्याची मादी पिल्लांसह या फडातून त्या फडात हलते, आणि पुष्कळदा तोडणीच्या मजुरांना सरीत पिल्ले सापडतात. ठिपक्याठिपक्यांची, डोळे जेमतेम उघडलेली, मांजराच्या पिल्लांसारखीच दिसणारी. कधी ती बिबट्याची असतात, कधी वाघाटीची. वाघाटी म्हणजे आपल्या मांजराहूनही लहान असे रानमांजर, भरल्या अंगाचे किलो-दीड किलोचे. तीही उसात विते. मुले हौसेने अशी पिल्ले उचलून घरी आणतात, दूध पाजतात, मांजरीच्या कुशीत ठेवून पाहतात. असे करू नका. बिबट्याची मादी पिल्ले शोधत रात्री त्याच जागी येते आणि न सापडल्यास आसपास फिरत राहते. तोडणी तिथेच थांबवा, माणसे बाजूला करा आणि १९२६ या क्रमांकावर वनखात्याला कळवा. त्यांची माणसे पिल्ले तपासून संध्याकाळी खोक्यात घालून त्याच सरीत ठेवतात, आणि बहुतेक वेळा अंधार पडल्यावर आई येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. त्या रात्री त्या फडाकडे कोणी फिरकू नये, आणि जवळच्या वस्तीवरची कुत्री, मांजरे, शेळ्या दिवस मावळण्याआधीच आत घ्यावीत.